भुरीच्या नावाचा कागद

रूपाबाई राठोड हसत नाही, ही गोष्ट तांड्यात कधी कुणाला खटकली नाही. बाप्या माणूस हसेनासा झाला असता तर चार जणांनी विचारलं असतं, बाबा, तुझं काय बिनसलंय? बाई हसत नाही म्हटल्यावर ती शहाणी, खालमानेची, असं समजून लोक मोकळे झाले. लोकांना खटकायची ती तिची झोप.

सेनगाव तालुक्यात, साखऱ्यापासून कोसभर आत हा तांडा. एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या माणसांचा. आता हळद, सोयाबीन आणि वर्षाआड भांडणं पिकवणाऱ्या माणसांचा. घरात बोलतात गोरबोली, बाजारात मराठी. इथं सगळंच मराठीत सांगितलंय, एवढं वाचणाऱ्यानं चालवून घ्यावं.

तर झोप. खुरपायला बसली की पात अर्धी व्हायच्या आत रूपाबाईची मान खाली जायची. नवल म्हणजे मान झोपली तरी हात जागे असायचे. एकदा तिनं अशाच झोपेत तणाबरोबर हळदीची कोवळी रोपंही उपटली, तीही कशी, एका ओळीत, नीट, एकही न सोडता. बांधावर उभ्या असलेल्या मुकादमिणीनं कपाळावर हात मारला आणि मग दोन्ही हात जोडून म्हणाली, "बाई, तू आपली घरीच बस." तेव्हापासून रूपाबाईला कुणी रोजानं बोलावलं नाही. दुपारी भाकरी थापताना ती झोपायची, देवळात बसल्या बसल्या झोपायची, एकदा तर मयतीला गेलेली तिथंच भिंतीला टेकून झोपली. त्या घरच्यांनी पुढं दोन वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं. रात्री मात्र तिचा धड डोळा लागायचा नाही, हे कुणी बघायला आलेलं नव्हतं.

पण झोप ही लोकांना दिसणारी गोष्ट. दुसरी एक गोष्ट होती, ती रूपाबाईला, तिच्या मेलेल्या आईला, धाकट्या भावाला, फुलसिंगला, आणि त्याच्या बायकोला, पार्वतीबाईला, एवढ्यांनाच माहीत होती.

चौदा वर्षांची होती तेव्हा. कुणाच्या तरी लग्नात बायका नवरदेवाची टिंगल करत होत्या. एका म्हातारीनं असं काही फर्मास म्हटलं की सगळ्या जणी पोट धरून हसायला लागल्या. रूपाही हसली. हसता हसता तिची हनुवटी सैल पडली, मग मान, मग गुडघे, आणि खुंटीवरून लुगडं गळून पडावं तशी ती जमिनीवर पडली. डोळे उघडेच. तिला सगळं ऐकू येत होतं. कुणी म्हणत होतं पाणी आणा, कुणी म्हणत होतं चप्पल हुंगवा. बोलावंसं वाटत होतं, पण जीभ दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी पडून होती. मिनिटभरानं ती आपोआप उठून बसली आणि तिला काहीही झालेलं नव्हतं.

आईनं तिला ओढत घरात नेलं, दार लावलं. "हे फेफरं हाय," आई कुजबुजली. "कोणाला कळलं तर तुला बी कोणी करणार न्हाई अन् उद्या फुलसिंगला बी कोणी पोरगी देणार न्हाई. हसू नको बाई. हसलीस तर पडशील." आई काही दुष्ट नव्हती. तिला जेवढं कळत होतं, त्यातलं सगळ्यात मायेचं तेच होतं.

रूपाबाई हसायची थांबली. हसण्यापुरतं असतं तर निभावलं असतं, पण पुढं पुढं नुसत्या आनंदानंही गुडघे जायला लागले. मामा अचानक दारात उभा राहिला, की गेले. आवडीचं लुगडं मिळालं, की गेले. मग तिनं एक युक्ती शोधली. आनंद येतोयसं वाटलं की ती डोळ्यांपुढं मेलेलं वासरू आणायची. लहानपणी विहिरीत पडून मेलेलं, तिच्या हातानं चारा खाणारं वासरू. ते फुगलेलं पोट, त्या माश्या. एवढं आठवलं की आनंद निमूट निघून जायचा आणि रूपाबाई आपल्या पायांवर उभी राहायची. कुत्र्या-मांजरांना लोक हाकलतात, ही बाई सुखाला हाकलायची. असा जन्म कुणी काढू नये, पण तिनं काढला.

लग्न झालं वसमतकडच्या एका तांड्यात, ओमप्रकाश नावाच्या माणसाशी. सांगितलं काहीच नाही. दोन वर्षं वासराच्या जिवावर निभावलं. सासू म्हणायची, सून झोपाळू आहे, पण उलट बोलत नाही. मग निलम झाली.

निलम चार महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. रूपाबाई चुलीपासून दोन हातांवर उभी होती, लेकीला दोन्ही हातांनी उचलून धरलेलं. तिनं आपलं उगाच नाकानं लेकीच्या पोटाला गुदगुल्या केल्या. आणि ती एवढीशी पोर पहिल्यांदा आवाज काढून हसली. नुसती हसली नाही, खदखदली. रूपाबाईला वासरू आठवायला वेळच मिळाला नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला ते आठवायचंच नव्हतं.

आधी हात गेले.

पोर चुलीच्या कडेवर आपटली. डाव्या भुवईतून रक्ताची धार लागली. आणि पोरीशेजारीच रूपाबाई पडलेली, गाल जमिनीला लागलेला, डोळे उघडे, लेकीचं रडणं वीतभर अंतरावर आणि बोटसुद्धा हलत नाही. सासू धावत आली. तिनं पोर उचलली आणि रूपाबाईकडे बघितलं. "पोरगी फेकली आन् सोंग करून पडली," सासू ओरडली. "बघा, बघा, डोळे उघडे हायती हिचे!" मग दीर आला, शेजारणी आल्या. हिला माहेरी पाठवा, पोर इथंच राहील, हे सगळं तिच्या अंगावरून, तिच्या डोक्याजवळ उभं राहून ठरलं. रूपाबाईनं त्यातला शब्द न् शब्द ऐकला. उठता आलं तोवर ठरून गेलं होतं.

तिनं नंतर सांगून पाहिलं नाही का? पाहिलं. पण काय सांगणार? फेफरं आहे म्हणावं, तर भावाचं लग्न अडणार. नाही म्हणावं, तर मग पोर फेकलीच म्हणायची. हिंगोलीच्या एका डॉक्टरला दाखवलं, त्यानं अशक्तपणा म्हणून लाल औषधाच्या बाटल्या दिल्या. ती चार महिने ते गोड पाणी पीत राहिली. वर्षभरात ओमप्रकाशनं दुसरी केली. वीस वर्षांची रूपाबाई कायमची माहेरी आली.

त्यानंतर लेक तिला एकदाच दिसली. निलम अकरा वर्षांची असताना तिचा आजा तिला घेऊन तांड्यात आला. इथं एक सांगायला हवं. या लोकांत बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडतात. नुसतं रडत नाहीत. त्या रडण्याला चाल असते आणि शब्द असतात. तू नव्हतीस तेव्हा काय काय झालं, कोण गेलं, कोण आजारी पडलं, मला तुझी आठवण कुठं कुठं आली, हे सगळं त्या रडण्यातून सांगायचं असतं. दुसरीनं ऐकायचं आणि मग आपलं सांगायचं. ज्या भेटीत हे रडणं नाही, ती भेट झालीच नाही.

निलम अंगणात आली. नवा पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, डाव्या भुवईत पांढरी रेघ. सगळा तांडा गोळा झालेला. पोरीनं थोडे पुढं केलेले हात तसेच ठेवून आईकडे पाहिलं. आणि रूपाबाईच्या पोटातून ते वर यायला लागलं. वर्षानुवर्षं हाकलून दिलेलं सगळं एकदम. गुडघे थरथरले. तिनं दाराचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला, गाल आतून दाताखाली दाबला, वासरू आठवलं, त्याच्या माश्या आठवल्या. आणि खांब न सोडता, कोरड्या आवाजात विचारलं, "जेवलीस का?"

पोरीचे हात हळूहळू खाली गेले. बायकांमधून कुणीतरी म्हणालं, "दगड हाय ही." त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं निलम परत गेली.

त्या दिवसापासून रूपाबाईच्या आयुष्यात एकच गोष्ट उरली. लेकीला एकदा सांगायचं, की मी तुला फेकलं नाही. एवढंच. पण कसं सांगायचं, ते तिला माहीत नव्हतं, कारण झालं काय होतं हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

ती शेतातल्या आखाड्यावर राहायला गेली. आखाडा म्हणजे गोठा, त्याला लागून एक पत्र्याची खोली आणि पुढं लिंबाचं झाड. फुलसिंगनं वाईट वागवलं असं नाही. दळण-मिरची वेळेवर पोचायची. पण तांड्यात जायचं काम उरलं नाही. दिवसच्या दिवस माणसाचा आवाज कानावर पडायचा नाही. कधी कधी ती उगाच म्हशीला हाक मारायची, आपला आवाज शाबूत आहे का ते बघायला.

तीन वर्षांपूर्वी हळद शिजवायच्या हंगामात, कढईच्या उबेला एक कुत्रीचं पिल्लू येऊन बसलं. मातकट रंगाचं, एक कान मुडपलेला. हंगाम संपला, मजूर गेले, पिल्लू राहिलं. रूपाबाईनं त्याला भुरी म्हणायला सुरुवात केली. भुरी सहाएक महिन्यांची झाली असेल तेव्हाचा एक सकाळचा प्रसंग. रूपाबाईनं दुधात कुस्करलेली भाकरी तिच्यापुढं सरकवली. भुरी आनंदानं शेपूट हलवत धावली आणि भाकरीपासून हातभर अंतरावर तिचे मागचे पाय बसले. मग पुढचे. मग मान. ती कुशीवर पडली. डोळे टक्क उघडे, भाकरीवर खिळलेले.

रूपाबाईच्या हातातलं भांडं खाली पडलं. त्या आवाजानं भुरी उठली, अंग झटकलं आणि काही झालंच नाही अशा थाटात खायला लागली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी भुरी पडली तेव्हा रूपाबाई तिच्या शेजारी जमिनीवर आडवी झाली, गाल मातीला लावला आणि तिच्या डोळ्यांत बघत राहिली. "तुला आयकू येऊन राहिलं न्हाई का?" तिनं विचारलं. "येते. मला ठाव हाय, येते." तीस वर्षांत पहिल्यांदा या जगात तिच्यासारखं दुसरं कुणीतरी होतं. ते कुत्रं होतं, याचं तिला जराही वाईट वाटलं नाही.

पण शेजारच्या शेतातल्या सुदामनं भुरीला पडताना पाहिलं आणि बोंब ठोकली. कुत्री पिसाळली, मारून टाका. रूपाबाईनं तिच्या गळ्यात दावं बांधलं आणि साखऱ्याला जनावरांच्या दवाखान्यात चालत नेलं.

तिथं शितल नावाची तरुण डॉक्टरीण नुकतीच आली होती. दिवसभर म्हशींच्या मागं हात घालून कंटाळलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं, टेबलाच्या खणातून बिस्किटाचा पुडा काढला आणि एक बिस्किट भुरीपुढं धरलं. भुरी आडवी झाली.

"अरे देवा!" डॉक्टरीण ओरडली. भीतीनं नव्हे, तिचा चेहरा उजळला होता. "मावशी, हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं!" तिनं मोबाईल काढला, आणखी एक बिस्किट धरलं, फोटो घेतले, बाहेरच्या शिपायाला हाक मारून दाखवलं. रूपाबाई बघत उभी होती. तिच्या मनात आलं, मी पडले तेव्हा असं कुणी बघितलं नाही. कुत्रीचा हेवा वाटायची वेळ आली आपल्यावर.

"पिसाळली न्हाई ना?" तिनं विचारलं.

"छे! हिला नार्कोलेप्सी आहे. झोपेचा आजार." डॉक्टरीण खाली बसून भुरीचं डोकं खाजवायला लागली, तशी भुरी उठली. "बघा, आपण झोपेत स्वप्न बघतो तेव्हा आपलं अंग सैल पडतं. नाहीतर स्वप्नात पळायला लागलो की खाटेवरून खाली जाऊ. हिचं अंग जागेपणीच तसं सैल पडतं. आणि तेही कधी, तर खुशी झाली की."

"अन् तिला कळते का? पडल्यावर?"

"सगळं कळतं. शुद्धीवर असते ती. ऐकू येतं, दिसतं. फक्त हलता येत नाही."

रूपाबाईनं टेबलाची कड धरली. "म्हंजी फेफरं न्हाई."

"नाही नाही. फेफरं वेगळं. त्यात बहुतेक शुद्ध जाते."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. मग रूपाबाईनं भुरीच्या पाठीकडे बघत विचारलं, "अन् बाई, माणसायला बी व्हते का असं?"

"होतं ना. कुत्र्यांवर अभ्यास करून करूनच तर माणसांच्या आजाराचं पुष्कळसं कळलं. कुत्र्याला खाणं दिसलं की होतं, माणसाला हसू आलं की. गुडघे जातात, हातातलं पडतं. दिवसा झोप आवरत नाही, रात्री धड लागत नाही. लोक त्यांना आळशी म्हणतात बिचाऱ्यांना." ती सहज बोलत होती, हात धुता धुता. "औषधं आहेत. मुळापासून जात नाही, पण आवरतं. मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं, नांदेडला वगैरे." मग ती वळली. "का? तुमच्याकडे आहे का कुणाला?"

आता सांगावं, असं रूपाबाईला वाटलं. ओठापर्यंत आलं. पण तीस वर्षं बंद केलेलं दार एका दुपारी उघडत नाही. "न्हाई," ती म्हणाली. "असंच इचारलं. त्या दुखण्याचं नाव तेवढं कागदावर लिहून द्या."

"कुत्रीसाठी?"

"व्हय. कुत्रीसाठीच."

डॉक्टरिणीनं केसपेपर भरला. जनावर: कुत्री, मादी. नाव: भुरी. मालकाचं नाव: रूपाबाई राठोड. खाली आजाराचं नाव आणि मराठीत दोन ओळी: 'आनंद झाला की अंगातली ताकद जाते. शुद्ध जात नाही. मारू नये.' शेवटचे दोन शब्द सुदामसाठी होते. रूपाबाईला थोडंफार वाचता यायचं. परतीच्या वाटेवर तिनं तो कागद पळसाच्या सावलीत बसून अकरा वेळा वाचला.

मग तिचा सराव सुरू झाला. रोज सकाळी भुरीला समोर बसवून ती बोलायची. "निलम, मी तुला फेकलं न्हाई." इथपर्यंत जमायचं. मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. भुरी मान वाकडी करून ऐकायची आणि रूपाबाईचा डोळा लागला की तीही तिथंच झोपायची. दोघी एकमेकींना टेकून उन्हं डोक्यावर येईपर्यंत झोपून राहायच्या.

यंदा मे महिन्यात फुलसिंगच्या लेकीचं, रीताचं, लग्न ठरलं. रीताचं आणि निलमचं मोबाईलवर बोलणं व्हायचं, हे रूपाबाईला लग्नाच्या आठ दिवस आधी कळलं. आणि हेही, की निलम लग्नाला येणार आहे, वसमतहून, लेकीला घेऊन. निलमला लेकरू झालंय हे रूपाबाईला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी पार्वतीबाई आखाड्यावर आली. बरोबर ताटात लाडू होते. लाडू बघूनच रूपाबाईनं काय ते ओळखलं.

"आक्का, राग मानू नका," पार्वतीबाई म्हणाली. "वऱ्हाडापुढं तुमाला काही झालं तर माह्या पोरीचं कसं? लग्नाच्या दिवशी इथं हळदीची राखण करायला बी कोणी पायजेच की. वाळून पडलीया सगळी."

रूपाबाई उठली. पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढून पुढं धरला. "हे बघ. फेफरं न्हाई ते. हे असं दुखणं हाय. डागदरनीनं सांगितलं."

पार्वतीबाईनं कागद वाचला. मग भुरीकडं पाहिलं, मग रूपाबाईकडं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तीही काही दुष्ट नव्हती. "आक्का, हा कुत्रीचा कागद हाय," ती हळूच म्हणाली. "कुत्रीचा कागद दाखवू का मी वऱ्हाडाला?"

रूपाबाईनं कागद घडी करून पेटीत ठेवला.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून तांड्याकडून बँडचा आवाज येत होता. रूपाबाई हळदीच्या ढिगाजवळ बसली होती. एकदा झोपली, जागी झाली, पुन्हा झोपली. तिथं आपली लेक आहे. आपली नात आहे. मधे फक्त दोन शेतं आणि एक ओढा. चालत गेलं तर पाव तासात पोचेल. आणि पोचल्यावर मांडवात, सगळ्यांसमोर, लेकीला बघून पडेल. रीताचं लग्न मोडेल. ती उठली, ओढ्यापर्यंत गेली, परत आली. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा परत येताना ती रडली, आणि रडताना तिला स्वतःचीच चीड आली, की रडायला पाय कसे बरोबर उभे राहतात.

दुपारी अक्षता पडल्यावर बँड थांबला. थोड्या वेळानं ओढ्याच्या बाजूनं कुणीतरी येताना दिसलं. हिरवं नवं लुगडं, उन्हासाठी डोक्यावर पदर, भराभर चाल. भुरी भुंकली. बाई जवळ आली, लिंबाखाली उभी राहिली, पदर मागं सारला. डाव्या भुवईत पांढरी रेघ.

रूपाबाईनं झाडाचं खोड धरलं.

"रीतानं सांगितलं तुमी इथं हाव म्हून," निलम म्हणाली. अहोजाहो. परक्या बाईशी बोलावं तसं. "मी बसणार न्हाई. मपली जीप पाच वाजता हाय. एकच इचारायला आले."

"लेकरू?" रूपाबाईच्या तोंडून निघालं.

"मांडवात ठेवून आले. तुमच्यापुढं आणायला जीव धजला न्हाई." निलम थांबली नाही. "मला लेक झाली तवापासून हेच डोक्यात घुमून राहिलं. रोज तिला उचलते अन् मनात येते, आईला असं फेकता येते का? म्हून इचारायला आले. काहून फेकलं मला? काय केलं व्हतं मी चार महिन्यांच्या लेकरानं?"

अडीच वर्षं पाठ केलेलं एकही वाक्य रूपाबाईला आठवेना. निलम तशीच वाट बघत उभी, अकरा वर्षांची असताना उभी होती तशी. मग रूपाबाई वळून खोलीत गेली. निलमला वाटलं, पुन्हा तेच. ती जायला निघणार तोच रूपाबाई बाहेर आली. एका हातात कागद होता, दुसऱ्या हातात पार्वतीबाईनं दिलेल्यातला एक लाडू.

"भुरी," तिनं हाक मारली आणि लाडू पुढं धरला.

भुरी उड्या मारत आली. तिच्या आयुष्यातला तो पहिला लाडू. दोन पावलांवर तिचे पाय गेले आणि ती निलमच्या पायांशी आडवी झाली, डोळे लाडवावर.

निलम दचकून मागं सरली. "काय झालं हिला? मेली का?"

"न्हाई. तिला खुशी झाली." रूपाबाईनं कागद पुढं केला. "वाच. तू शिकलेली हाईस."

निलमनं वाचलं. आनंद झाला की अंगातली ताकद जाते. शुद्ध जात नाही. मारू नये. "हे कुत्रीचं हाय," ती म्हणाली.

"नाव तेवढं कुत्रीचं हाय. दुखणं माहं हाय." आता शब्द आले. सराव केलेले नव्हते, दुसरेच होते. "तू चार महिन्यांची व्हतीस. मी तुह्या पोटाला गुदगुल्या केल्या. तू हसलीस. तवर तू कधी हसली नव्हतीस, माय. पहिल्यांदा हसलीस, खदखदून. अन् मला इतकं... इतकं झालं, की माहे हात गेले. मी फेकलं न्हाई तुला. तू हसलीस म्हून पडलीस."

निलमनं कागद पुन्हा एकदा वाचला. भुरी उठून, रूपाबाईनं खाली ठेवलेला लाडू खायला लागली होती.

"अन् मी आले व्हते तवा?" निलमनं विचारलं. "तवा तर तुमी खांब धरून उभ्या व्हता."

"धरला नसता तर पडले असते."

रूपाबाईनं पुन्हा झाडाचं खोड धरलेलं होतं, तिकडं निलमनं पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मग तिनं एक पाऊल पुढं टाकलं आणि म्हणाली, "याडी." गोरबोलीत आईला याडी म्हणतात. तिनं याआधी तो शब्द कुणाला म्हटला होता की नाही, कोण जाणे.

रूपाबाईच्या पोटातून ते वर आलं. सवयीनं तिनं वासराला हाक मारली. वासरू येत होतंही, विहिरीच्या कडेनं, पण तिनं त्याला परत पाठवलं. झाडाचं खोड सोडून दिलं. आणि हनुवटी, मान, गुडघे असं करत ती लेकीच्या अंगावर कोसळली. निलमला ते वजन पेललं नाही. दोघी जमिनीवर आल्या. भुरी येऊन रूपाबाईचा कान चाटायला लागली.

रूपाबाईचे डोळे उघडे होते. वर लिंबाच्या फांद्या आणि त्यांत लेकीचा चेहरा. आजवर ती जितक्यांदा पडली, तितक्यांदा लोक तिच्या डोक्याजवळ उभं राहून बोलले होते. सोंग आहे, फेफरं आहे, हिला पाठवून द्या. आताही काहीतरी ऐकू येईल म्हणून ती वाट बघत होती. निलमनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मग निलमनं तोंडाला पदर लावला, काढला, आणि गळा मोकळा सोडला.

ते भेटीचं रडणं होतं. चाल लावून, शब्द घालून. याडी, मी पिवळा फ्रॉक घातला होता. याडी, मी वाटेत जेवलेच नव्हते. गाडीत आज्यानं विचारलं तर मी सांगितलं, आईनं मला पोटभर जेवू घातलं. शाळेत भुवईचं कुणी विचारलं तर मी सांगायची, झाडावरून पडले. बाळंतपणात तीन दिवस कळा दिल्या, तर माझ्या तोंडून तुझं नाव निघालं, आणि मला माझाच राग आला. एकामागून एक सांगत होती, सतरा वर्षांचं साठलेलं.

रूपाबाईच्या बोटांत जीव परत आला होता. मानही हलवता आली असती. पण ती हलली नाही. निलमचं सांगणं अजून संपलं नव्हतं.